मूर्तीवरचा पाय

लग्न होऊन मी साताऱ्याहून बेंगळुरूला आले, त्याला सात-आठ वर्षं झाली होती. मल्लेश्वरमच्या बाजारात दर आठवड्याला जायचे, पण कापडदुकानांच्या मागे देऊळ उभं राहतंय याचा मला पत्ताच नव्हता. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. खण घेऊन जवळच्या वाटेने निघाले, तर गोदामं आणि हातगाड्यांच्या मधोमध बांबूची परांची, आणि तिच्याआड रंगीबेरंगी गोपूर. द्वारपाल, मोर, पोपट, गाल फुगवलेले गण. बोटभर जागा रिकामी ठेवली नव्हती. आमच्याकडच्या साध्या देवळांपुढे मला ते जरा जास्तच वाटलं, तरी मान दुखेपर्यंत बघत राहिले.

खाली झावळ्यांच्या मांडवात काळ्या दगडाची देवी वाळूवर आडवी होती. एक म्हातारा मूर्तिकार तिच्या मांडीवर पाय रोवून निऱ्यांवर छिन्नी चालवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाही वाटत? देवीवर पाय?" मी मोडक्या कन्नडमध्ये ओरडले. त्याने पाय काढला आणि छिन्नी खाली ठेवली. तो असा नमला, म्हणून मला आणखीच चेव आला.

देवळाचे मुख्य पंच म्हणजे आमचे नेहमीचे कापडवाले. मी तशीच त्यांच्या दुकानात शिरले. "अण्णा, तुमच्या देवळात देवीला पायाखाली घेतात." गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. अण्णांना रीत ठाऊक असणार, पण चारचौघांत ते कानकोंडे झाले. "सरी अक्का, बरोबर आहे तुमचं, आजच काढतो त्याला," म्हणाले. मी गड जिंकल्यासारखी घरी आले.

जेवताना सगळं फुशारकीने सांगितलं. माझे सासरे जन्मापासून इथलेच. त्यांचा घास हातातच राहिला.

"अगं, डोळे कोरेपर्यंत तो दगडच. पाय रोवल्याशिवाय छिन्नी धरायची कशी? घडवणाऱ्यानेच शेवटी तिचे डोळे उघडायचे. त्यानंतर त्यालासुद्धा हात लावता येत नाही. प्राणप्रतिष्ठा कधी आहे?"

"आठ दिवसांनी, दुकानात बोलत होते."

"मग वेळ आहे. उद्या जा आणि चुकले म्हणून सांग. त्याला परत बोलावतील."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी चादरी धुवायला काढल्या. तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं. खरं म्हणजे जिथे तोऱ्यात बोलले, तिथेच जाऊन चुकले म्हणायला जीभ रेटेना. एरवी ती आवरताना घरच्यांच्या नाकी नऊ येतात. मामंजींनी विचारलं तेव्हा मी "सांगितलं" म्हणाले. साफ खोटं. आज लिहितानाही कानशिलं गरम होतात.

प्रतिष्ठेच्या दिवशी दर्शनाला मोठी रांग होती. डोळे पहाटे दुसऱ्याच कुणीतरी उघडले, हे पुढच्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. रांग वळली तेव्हा दिसलं, माझ्या दोन माणसं पुढे तोच म्हातारा उभा होता. धुतलेलं धोतर, हातात दोन केळी आणि थोडी फुलं. ज्या देवीला त्याने घडवलं, तिला लांबून बघायला तो आमच्यासारखाच ताटकळत होता. मामंजी माझ्या मागेच होते. तो कोण, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्याने सहज मागे पाहिलं, मला ओळखलं आणि अंग चोरून बाजूला झाला.

"तुम्ही जा पुढे, अक्का," तो म्हणाला. "मला स्वल्प उशीर झाला तरी चालेल."

आणि मी पुढे गेले.