आधी उतार

शैलामावशी कॅल्गरीत चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होती. रिटायर झाल्यावर तिने फिरायला, आत राहता येईल असा ट्रेलर घेतला, आणि तो ओढायला जुना डिझेल पिकअप ट्रक बघायला मलाही नेलं. विकणारा इंजिनाच्या ताकदीचं कौतुक थांबवेना.

"चढ राहू दे, मला उतार बघायचाय," मावशी म्हणाली.

ट्रेलर जोडून आम्ही रॉकीज पर्वताच्या घाटात गेलो आणि ती खाली निघाली. मागे तीन टन वजन, तरी तिचा पाय ब्रेकवर नव्हता! ट्रक खालच्या गिअरमध्ये, नुसत्या इंजिनाच्या जोरावर स्वतःला आवरत, गुरगुरत उतरला.

पायथ्याशी मावशी म्हणाली, "हाच घ्यायचा. भूल कुणीही देईल रे, पेशंट सुखरूप शुद्धीवर आणता आला पाहिजे."