ड्रेसिंग रूम नंबर दोन

नाशिकच्या आमच्या मैदानाच्या फाटकावर 'राष्ट्रीय फुटबॉल क्रीडांगण' अशी पाटी लागली, तेव्हा आत धड गवतसुद्धा नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत पी.टी.चा शिक्षक आणि संध्याकाळी मैदान समितीचा बिनपगारी चिटणीस. म्हणजे हारतुरे साहेबांना आणि डोक्याला ताप मला.

पाहुण्यांच्या गाड्या थेट दारात याव्यात म्हणून गॅलरी रस्त्याच्या बाजूला, दक्षिणेला बांधली. त्यामुळे मैदान झालं पूर्व-पश्चिम. संध्याकाळी पूर्वेकडच्या गोलकीपरच्या डोळ्यांत सगळं ऊन. समितीत मी हे काढलं, तर एक साहेब म्हणाले, "अहो सर, हाफटाइमला बाजू बदलतातच की!" आता यावर काय बोलणार, कप्पाळ! पुढं पैसे संपले आणि गॅलरीचं घोंगडं भिजत पडलं. पायऱ्यांखालच्या दोन खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. एकीत जाळ्या नि चुन्याच्या गोण्या, दुसरीत मैदान राखणारे दादा आणि त्यांची बायको राहायचे. दोघं पेठ तालुक्याकडचे. गॅलरीच्या कामावर बिगारी म्हणून आले होते. काम थांबलं, तेव्हा समितीनं तोंडी सांगितलं, "राहा इथंच, मैदान सांभाळा." कागदावर कधीच काही आलं नाही.

मैदानाचा इतिहास विचाराल तर तो या दोघांचा. त्यांनी पोत्यात भरून हरळीची मुळं आणली आणि भाताची लावणी करतात तशी ओणवं होऊन ओळीनं लावली. सिंहस्थात मैदानावर यात्रेकरूंच्या गाड्या उभ्या केल्या. गाड्या गेल्या, मागं नुसता चिखल आणि चाकांचे खड्डे. मी गोलपोस्टशी बसलो आणि मला रडूच आलं. दादा म्हणाले, "लावू की सर परत. मुळं जित्ती हायेत." आणि लावलीही.

रेषा मारायचं त्यांचं एक शास्त्र होतं. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी दोरी ताणून गाठ मारायची, मग तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत ताणायची. गाठ बरोबर खुंटीवर आली तरच चुना, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. एकदा बोटभर फरक पडला. उन्हानं मी वैतागलो होतो. म्हटलं, "चालतंय हो दादा, कोण बघतंय?"

"मला दिसतंय नं," म्हणाले, आणि खुंट्या उपटल्या.

मग एकदाचं ते पत्र आलं. राष्ट्रीय स्पर्धेतले काही सामने नाशिकला द्यायचे की नाही, हे ठरवायला पाहणी पथक येणार होतं. माझी उमेदीची सगळी वर्षं या पत्राची वाट बघण्यात गेली होती. सोबत सोयींची यादी होती. ड्रेसिंग रूम किती? किमान दोन हव्यात. पायऱ्यांखालच्या दोन्ही खोल्या धरून मी लिहिलं, दोन. खाली सही केली.

दादांना सांगितलं, "एक दिवस सामान हलवा. पाहणी झाली की परत या." वहिनींनी विचारलं, "एकच दिस ना, सर?" मी म्हटलं, "एकच." यादीत चढलेली खोली पुन्हा चूल मांडायला मिळत नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण एव्हाना मी इतका थकलो होतो की मला फक्त तो सामना दिसत होता. भिंतीवरची काजळी वहिनींनीच घासली, वर चुन्याचे दोन हात दिले.

पथकानं टेप लावून मैदान मोजलं. मुख्य साहेब खूश झाले. म्हणाले, "कोपरे अगदी काटेकोर. कुणी आखलं?" आमचे एक साहेब छाती काढून म्हणाले, "आमच्या समितीनं!" मी मान खाली घातली. दोन नंबरच्या खोलीत नागलीच्या भाकरीचा वास अजून होता. पाहुण्यांनी नाक वर करून विचारलं, "कॅन्टीन जवळच आहे वाटतं?" सगळे हसले, मीही हसलो. उन्हाचं काय, तर सामने सकाळी ठेवा म्हणाले. मैदान पास झालं. निघता निघता आमच्या साहेबांनी खोलीला नवं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

गाड्या गेल्यावर दादा लगबगीनं आले. "पास झालो ना सर आपण?"

"झालो."

"मंग आणतो सामान. ही सकाळधरनं हातगाडीपाशी बसलीय."

मी म्हटलं, "दादा, खोली आता खेळाडूंना लागेल."

"सामनं होईस्तोवर?"

मी किल्ली खिशात टाकली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण तो माणूस तसा नव्हता. तोवर वहिनी जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला आधीच ठावं व्हतं का?"

मी हो म्हणालो.

त्यांनी पदर खोचला आणि हातगाडीवरची पातेली पेठच्या प्रवासासाठी दोरीनं आवळून बांधायला घेतली.