मावशींच्या खिळ्यावरच्या किल्ल्या

मावशी आमच्या रस्त्यावर कोणाच्याच मावशी नव्हत्या. त्यांचा एकुलता एक भाचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा आणि तोही वर्षातून एखाद्या वेळी उगवायचा. तरी सगळे त्यांना मावशीच म्हणत, अगदी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठे असलेले माझे बाबासुद्धा. मावशी बाबांना आजोबा म्हणत. या नात्यांचा मेळ कसा लावायचा, हा प्रश्न दोघांनाही कधी पडला नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून त्यांचं दुकान होतं. बूट दुरुस्ती आणि किल्ल्या. दुकान कसलं, दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढी जागा. एका बाजूला किल्ल्या कापायचं मशीन, दुसऱ्या बाजूला बूट उलटा घालून ठोकायचा लोखंडी साचा. चामडं, गोंद आणि पॉलिश यांचा मिळून एक वास, जो मला घरचा वाटतो, कारण शाळेतून घरी येताना तो आधी लागायचा आणि मग घर.

मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्यावर एक किल्ली. त्या विकायच्या नव्हत्या. त्या आमच्या होत्या. कोणीतरी कधीतरी दाराबाहेर अडकलं असणार, मावशींनी कुलूप उघडून दिलं, नवीन किल्ली कापली आणि वर म्हणाल्या असणार, "एक माझ्याकडे राहू दे, नाहीतर पुन्हा रडत येशील." तेव्हापासून रस्ताभर पद्धतच पडली. नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यात गॅसची सोय आणि दुसऱ्या आठवड्यात मावशींकडे किल्ली.

किल्लीवर नाव नाही की खोलीचा नंबर नाही. ज्याची किल्ली, त्याच्याच जुन्या बुटाच्या लेसचा तुकडा तिला बांधलेला. लेस नसेल तर सँडलच्या पट्ट्याचा, चपलेच्या अंगठ्याचा. आमच्या किल्लीला बाबांच्या ऑफिसच्या बुटांची काळी लेस होती.

"चोर आला तर?" मी एकदा विचारलं होतं.

"येऊ दे की. कुठली किल्ली कुठल्या दाराची हे कळायला त्याला आधी तुमचे सगळ्यांचे बूट ओळखता आले पाहिजेत. तेवढी मेहनत करायची तयारी असती तर तो चोर कशाला झाला असता?"

जीभ अशी तिखट. बूट हातात घेतला की त्या आधी टाच बघायच्या आणि मग माणसाची उलटतपासणी घ्यायच्या. "डावीकडेच झिजलीय. पाय फरफटत चालतोस. लग्नाचं वय झालं, अजून चालता येत नाही." माणूस निमूटपणे ऐकून घ्यायचा, कारण टाच मात्र त्या अशी बसवायच्या की बूट जुना होऊन फेकला तरी ती शाबूत.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. पेशंटना वेळ देणं, फोन घेणं, घाबरलेल्यांना धीर देणं. घरी बाबा एकटे. गुडघे गेलेले, कानही थोडे रुसलेले. दुपारी नाहीतर संध्याकाळी फोन केला आणि त्यांनी उचलला नाही, की माझा दुसरा फोन मावशींना. त्या दुकानाच्या दारात स्टूल आडवं टाकायच्या, खिळ्यावरून किल्ली काढायच्या आणि वर चढायच्या. मग मला कळायचं, "आजोबा झोपलेत. असे घोरतायत की फोनच लाजून गप्प बसला असेल." मी हसायचे आणि पुढच्या पेशंटला आत पाठवायचे. किती वर्षं हे चाललं होतं! मला त्यात काही विशेष वाटलं नाही, हेच खरं.

रस्ता मात्र मरायला टेकला होता. शहराबाहेर मोठा बाजार झाला, एकाच छताखाली सगळं मिळू लागलं आणि आमच्याकडची दुकानं एकेक करून शटर ओढत गेली. संध्याकाळी बसमधून उतरलं की दोन्हीकडे बंद शटरं, त्यांवर फाटकी पोस्टरं आणि लांबवर दोनच दिवे. एक औषधवाल्याचा, एक मावशींचा. लोक ऑफिसातून सुटल्यावर बूट घेऊन येतात म्हणून त्या उशिरापर्यंत उघडं ठेवायच्या. त्या ओसाडीचा मला मनापासून राग यायचा. ज्यांना "जुनं ते सोनं" वाटतं त्यांनी तिथून रोज एकटं चालून दाखवावं.

म्हणून पालिकेने रस्ता पुन्हा जिवंत करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. बहुतेक गाळे पालिकेच्याच मालकीचे. शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. योजना बघणाऱ्या पालिकेच्या बाई तरुण होत्या, नीट ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी भिंतीभर चित्रं लावली होती. कॉफीचं दुकान, बेकरी, पुस्तकांचं दुकान, संध्याकाळी गाण्याचा छोटा मंच, उशिरापर्यंत चालणारी खानावळ. आम्हा प्रत्येकाला पाच-पाच लाल ठिपके दिले, चिकटवायचे. "तुम्हाला आपल्या रस्त्यावर जे हवं आहे त्यावर लावा," त्या म्हणाल्या.

काय धमाल आली! वर्षानुवर्षं जिन्यात नुसती मान हलवणारे शेजारी एकमेकांच्या खांद्यावरून वाकून ठिपके लावत होते. मी बेकरीवर, कॉफीवर आणि गाण्यावर लावले. बाबांना जिना उतरून शाळेपर्यंत येणं झेपणारं नव्हतं, त्यांचेही पाच मीच लावून टाकले. मावशीसुद्धा आल्या होत्या, हात पॉलिशने काळे. त्यांनी पाचही ठिपके गाण्याच्या मंचावर लावले. "संध्याकाळभर स्वतःच्या कानशीची खरखर ऐकून कान किटलेत माझे," म्हणाल्या.

कोपऱ्यात आणखी एक फळा होता. सध्या चालू असलेल्या दुकानांचे फोटो त्यावर होते. मावशींच्या दुकानाचाही होता, छान आला होता. आम्ही सगळ्यांनी तो बघितला, "अरे वा, मावशी!" म्हणालो आणि पुढे गेलो. आपल्याकडे आहे त्यावर ठिपका कशाला वाया घालवायचा? एकटा औषधवाला तेवढा हुशार निघाला. त्याने आपले पाचही ठिपके स्वतःच्याच दुकानावर लावले आणि आम्ही घरी जाताना रस्ताभर त्याच्यावर हसलो.

मावशींच्या गाळ्याची मुदत संपत आली तेव्हा पालिकेने ती वाढवायला नकार दिला. मावशी विचारायला गेल्या. परत आल्यावर त्यांनी स्टुलावर बसून सांगितलं, "माझ्या दुकानाला एकही ठिपका नाही म्हणे. जे लोकांना नको ते काढायचं आणि हवं ते आणायचं, असं ठरलंय."

आमचं पित्त खवळलं. आम्ही पाच-सहा जण तावातावाने पालिकेत गेलो. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी त्या हॉलमध्ये तीन तास उभी होते. तुमच्यापैकी एकाने तरी तिथे ठिपका लावला असता, एकाने तरी तोंड उघडलं असतं, तर मला कळलं असतं. आता गाळा दुसऱ्याला दिलाय. मी काय समजायचं होतं, सांगा ना?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण शाळेत सगळ्यांनीच पाठ केली होती. कळसा काखेतून काढून नेल्यावर ती आम्हाला आठवली.

मावशी दारोदार फिरून किल्ल्या परत करत होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा हातातला डबा बराच रिकामा झाला होता.

"ही घे तुमची."

"राहू दे ना मावशी तुमच्याकडेच."

"भाच्याकडे राहायला चाललेय मी. तिथून धावत येऊ का आजोबांचं घोरणं ऐकायला?"

"रागावलात?"

"हो, रागावलेय," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांवर रागावलेय. आणि स्वतःवरही. मला तरी कुठे सुचलं? आपल्याच दुकानाला आपणच ठिपका लावायचा, लाज नाही का वाटत माणसाला?"

बाबा खोलीतून म्हणाले, "मावशी, बसा की थोडं." त्या बसल्या नाहीत. काळ्या लेसची किल्ली मी मसाल्यांच्या डब्यांमागे ठेवली. दुसऱ्या कोणाला द्यावी असा विचार केला, पण समोरचे दोघं दिवसभर बाहेर, शेजारचे तर दर वर्षी बदलणारे. कोणाचं नाव मनात ठरेना.

रस्ता मात्र खरंच सुधारला, हे कबूल करायला हवं. मावशींच्या आणि शेजारच्या बंद गाळ्यामधली भिंत पाडून कॉफीचं दुकान झालं. पदपथावर टेबलं आली, झाडांवर दिवे लागले, संध्याकाळी कोणी ना कोणी गायला लागलं. बसमधून उतरून घरी येताना आता माझी पावलं घाईने पडत नव्हती. बाबा खिडकीत खुर्ची ओढून गाणी ऐकायचे आणि कोण बेसूर आहे ते मला सांगायचे.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून फोन केला, बाबांनी उचलला नाही. पुन्हा केला. मग सवयीने मावशींचा नंबर लावायला घेतला आणि बोट तसंच थांबलं. मावशी होत्या कुठे? आणि असत्या तरी किल्ली माझ्याच घरात, डब्यांमागे!

बस मिळाली, ती नेमकी रखडली. रस्त्यावर पोचले तर तिथे ही गर्दी. टेबलं, हसणं, मंचावर एक मुलगी गात होती. माणसांना ढकलत, माफी मागत मी जिना गाठला. दार उघडलं तर बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसलेले, एक हात छातीशी धरलेला. पाणी प्यायला उठले आणि पाय घसरला होता. किती वेळ झाला ते त्यांनाही सांगता येईना.

"हाका मारल्या गं मी," ते म्हणाले. "पण खाली गाणं चालू होतं." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "चांगली गात होती मुलगी."

मला रडू फुटलं. त्या शेकडो माणसांच्या डोक्यावर, एका मजल्याच्या अंतरावर माझे बाबा हाका मारत बसले होते आणि ती सगळी माणसं आम्हीच ठिपके लावून बोलावली होती.

मी जिन्यातून हाक मारली तसा कॉफीवाला वर धावत आला, त्याने बाबांना उचलायला मदत केली. भला मुलगा. मनगट मुरगळलं होतं, हाड वाचलं. निघताना तो म्हणाला, "ताई, किल्ली माझ्याकडे ठेवत जा ना."

"तुमच्याकडे दर महिन्याला नवीन पोरं येतात कामाला. आणि तुम्ही स्वतः सकाळी अकराशिवाय येत नाही."

तो हसला. "तेही खरंच. दूधवाला रोज सकाळी बंद दारासमोर क्रेट ठेवून जातो आणि रोज दोन पिशव्या कमी भरतात."

तिथेच मला सुचलं. त्याच्या दुकानाच्या जिन्याकडच्या कोपऱ्यात एक खिडकी होती, तिथे तो रिकामी खोकी टाकायचा. तिथे मावशी बसल्या तर त्याचं दूधही सांभाळलं जाईल आणि आमच्या किल्ल्याही, हे त्यालाही पटलं. मी पालिकेच्या त्या बाईंना गाठलं, त्यांनी परवानगीचं बघितलं, आणि बाबांचा हात बरा झाल्यावर त्यांना टॅक्सीत घालून मी मावशींकडे गेले.

मावशी भाच्याच्या गॅलरीत बसल्या होत्या, मांडीवर कोणाचा तरी बूट. "घरातल्या सगळ्यांचे बूट दोनदा दुरुस्त करून झाले," भाचेसून कुजबुजली. "आता शेजाऱ्यांचे मागून आणतात."

मी सगळं सांगितलं. मावशींनी मान हलवली. "कोणाच्या उपकाराखाली बसायचं वय नाही माझं."

"उपकार तुमचे होतील," बाबा म्हणाले. "मी पडलो तेव्हा हिला तुम्हालाच फोन करायचा होता."

मावशींनी बाबांचं मनगट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, टाच बघतात तसं. मग मला म्हणाल्या, "मशीन जड आहे. टेम्पो सांग."

कोपरा तयार झाला. लोखंडी साचा आला, मशीन आलं, भिंतीला नवीन खिळे लागले. पहिल्याच संध्याकाळी लोक किल्ल्या घेऊन रांगेत उभे. मावशींनी खिडकीच्या झडपेवर आपल्या जुन्या दुकानाचा फोटो डकवला होता, हॉलमधल्या फळ्यावरचाच, पालिकेच्या बाईंकडून मागून आणलेला. शेजारी लाल ठिपक्यांचा कागद.

"आधी ठिपका," त्या म्हणाल्या, "मग किल्ली."

कोणी हसलं, कोणी ओशाळलं, पण लावला सगळ्यांनी. औषधवाला आला तेव्हा म्हणाल्या, "तुझे संपले असतील ना रे मागच्या वेळी?" बाबा काठी टेकत, माझा खांदा धरत जिना उतरले आणि एकापाठोपाठ एक ठिपके काढू लागले.

"आजोबा, एकच!"

"मागचे पाच बाकी आहेत माझे. हिने ते भलतीकडेच लावले होते."

मावशींनी लावू दिले. काळ्या लेसची किल्ली घेतली, गाठ ओढून पाहिली आणि हाताशी येईल अशा पहिल्याच खिळ्यावर अडकवली.

परवा संध्याकाळी बाबांनी पुन्हा फोन उचलला नाही. मी मावशींना लावला. "थांब, बंद करू नकोस," त्या म्हणाल्या. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मागे कोणीतरी गात होतं, ते हळूहळू खाली राहिलं. मग त्यांची जिन्यावरची पावलं, मध्ये दम खायला थांबलेली. मग आमच्या कुलपात किल्ली फिरली.

"घोरतायत," मावशी म्हणाल्या.

मी डोळे पुसले आणि पुढच्या पेशंटला आत पाठवलं.