सुपरवायझरच्या तोंडून

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कथासाहित्याच्या पेपरात मी नापास झाले, तेव्हा माझं वय एक्केचाळीस होतं. सातपूरच्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या वायरी जोडायचे. कथानक, पात्रचित्रण, संघर्ष, निवेदक, सगळ्या व्याख्या पाठ होत्या. पण 'सोदाहरण स्पष्ट करा' म्हटलं की पेन अडायचं. निकाल कळला त्याच दिवशी ठरवलं, पुन्हा बसायचं.

परीक्षा सकाळी दहाला आणि त्या आठवड्यात माझी पहिली पाळी. सुपरवायझरकडे रजेचा अर्ज दिला. त्यांनी तो न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकला. "त्या आठवड्यात रजा नाही, ताई," एवढंच म्हणाले.

रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात मी हे आमच्या मॅडमना तणतणत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"संघर्ष आहे, पात्रं आहेत. निवेदक कोण?"

"मीच."

"आता हेच सुपरवायझरला सांगू द्या. 'मी' म्हणजे ते. घरी नको, इथेच बसून लिहा."

मला रागच आला. त्या माणसाची बाजू मी का मांडायची? तरी वही उघडली. 'मी अर्ज वाचला नाही, कारण' इथवर लिहिलं आणि थांबले. तीन वर्षं त्यांना रोज बघत होते, पण कारण मला माहीत नव्हतं. प्रथमपुरुषी निवेदकाला स्वतःला ठाऊक असतं तेवढंच सांगता येतं, हे वाक्य मी मागच्या परीक्षेत जसंच्या तसं उतरवलं होतं. त्याचा अर्थ त्या अर्ध्या ओळीवर कळला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी गेले. "साहेब, रजा का नाही, तेवढं सांगा."

"दोघीजणी आधीच रजेवर आहेत. एकीचं बाळंतपण, एकीच्या घरी लग्न. तुमच्या जागी बसवू कोणाला? तुम्हाला गावीच जायचंय ना?"

"परीक्षा आहे. अर्जात लिहिलंय."

त्यांनी ड्रॉवरमधून अर्ज काढला आणि पहिल्यांदा वाचला. बराच वेळ वाचत होते.

"कितीला सुटते?"

"एकला."

"मग त्या दिवशी दुसऱ्या पाळीला या. पाळी बदलून घेणारी कोणी शोधा, मी सही करतो."

दुसऱ्या पाळीत माझ्याच टेबलावर बसणारी बाई तयार झाली. दिवाळीच्या आठवड्यात मी तिची पाळी करायची, या बोलीवर.

पेपरात निवेदकावर प्रश्न आला. व्याख्या दोन ओळींत संपवली आणि माझ्या अर्जाची हकिगत आधी माझ्या, मग सुपरवायझरच्या तोंडून लिहिली. पेपर सुटल्यावर बस पकडली, डबा कारखान्याच्या गेटवर उभ्यानेच खाल्ला.

"कसा गेला?" सुपरवायझरनी विचारलं.

"पुरा लिहिला," म्हणाले. त्यात ते होते, हे मात्र सांगितलं नाही.

पास झाले. आता तिसऱ्या वर्षाची पुस्तकं आणलीत.