हगाम्यातली जाळीची चड्डी

माझा हात तोंडाच्या आधी चालतो. आता वयामुळे तो जरा सावकाश उठतो एवढंच. एकोणिसाव्या वर्षी तो कधी उठला हे मला स्वतःलाही नंतर कळायचं. त्या वर्षी मी नगरला कॉलेजात होतो, कबड्डीच्या संघात होतो, आणि एका चड्डीपायी दोन महिन्यांत चार माणसांना मारलं होतं. पाचव्याचं जे केलं ते सांगायला हे लिहितोय. त्याला लष्करात जायचं होतं आणि भरती आठ दिवसांवर आली होती. एवढं ध्यानात ठेवा, मग चड्डीचं सगळं हसत वाचलंत तरी चालेल.

छावणीजवळ एक शिंपी होता. जवानांच्या खेळाचे कपडे त्याच्याकडे शिवायला यायचे. त्यातलं उरलेलं एक कापड त्यानं मला दाखवलं. जाळीच्या बनियनला असतात तशी त्याला बारीक भोकं होती, पण कापड जाड, पांढरंशुभ्र आणि चमकणारं. त्याची त्यानं मला हाफपँट शिवून दिली. आतून पातळ सुती अस्तर, कमरेला नाडीऐवजी इलॅस्टिक, दोन्ही बाजूंना निळी पट्टी. मांडीच्या मध्यावरच ती संपायची. घेतली होती खेळायला, पण पहिल्याच संध्याकाळी ती घालून मी कापड बाजारात फिरायला गेलो.

ती घालायचंही एक तंत्र होतं आणि ते मी स्वतः बसवलं होतं. टेरिकॉटचा शर्ट बाहेर सोडायचा, पण त्याच्याखाली चड्डी चार बोटं तरी दिसायला हवी. नाहीतर माणूस नुसताच शर्ट घालून घराबाहेर पडल्यासारखा दिसतो. त्यासाठी मी माझे दोन चांगले शर्ट खालून कापून दुमडून घेतले. मोजे घोट्यापर्यंत गुंडाळायचे. कॅनव्हासचे बूट खडू उगाळून पांढरे करायचे. चड्डीला खिसा नव्हता, म्हणून कंगवा मोज्यात. बाकीची पोरं त्या वेळी बेलबॉटमनं रस्ते झाडत होती आणि मी त्यांच्यातून उघड्या पोटऱ्यांनी असा चालायचो की जणू फॅशन माझ्या घरून निघते आणि मग बाकीच्यांकडे जाते.

पण त्या काळी हाफपँट दोघांनीच घालायची, शाळेतल्या पोरांनी आणि पोलिसांनी. बाकी मोठ्या माणसानं गुडघे झाकून हिंडायचं. सायकलच्या दुकानातला एकजण म्हणाला, "काय रं, लेंगा धुयाला टाकलाय व्हय?" त्याचा ओठ त्याच्याच दातांवर फुटला. कॉलेजातल्या एकानं मागून इलॅस्टिक ताणून सोडलं. त्याचं डोकं मी नळाच्या कट्ट्यावर आपटलं आणि त्याला टाके पडले. टांग्यांच्या अड्ड्यावर दोघं एकदम अंगावर आले, तिथं माझीही भुवई फाटली. रक्त शर्टावर आलं, चड्डीवर येऊ दिलं नाही. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणत मी मूठ चोळत खोलीवर यायचो आणि दुसऱ्या संध्याकाळी तीच चड्डी चढवून पुन्हा बाहेर पडायचो.

चैत्रात गावची यात्रा आली. आमचं गाव कर्जत तालुक्यातलं. पाऊस रुसलेला, निम्मं गाव खडी फोडायच्या कामावर. तरी यात्रा झाली आणि कुस्त्यांचा हगामाही ठरला. आमच्याकडच्या हगाम्याची एक रीत आहे. शेवटच्या मोठ्या कुस्त्या आधी ठरतात, पण बाकीच्या जोड्या जागेवरच लागतात. ज्याला लढायचं त्यानं कपडे उतरवायचे आणि हात वर करून आखाड्याला फेरी मारायची. पंच त्याच्या अंगापिंडाचा दुसरा शोधतात. एकदा फेरी मारली की मागं फिरायचं नाही. मागं फिरणाऱ्यापायी त्याचं गाव पुढची दहा वर्षं टोमणे ऐकून घेतं.

माझे वडील तरुणपणी आखाड्याच्या मातीत लोळलेले. सकाळी मला चड्डीत बघून ते म्हणाले, "आज ही घालून भायेर पडू नगं. हगाम्याच्या दिवशी उघड्या मांडीचा अर्थ येगळा असतो."

मला वाटलं, म्हाताऱ्याला लाज वाटतेय. रीत मला का माहीत नव्हती? पण दोन महिने शहरात ती घालून हिंडल्यावर माझ्या लेखी ती विजारच झाली होती. वडील देवळाकडे गेले आणि मी बूट पांढरे करायला बसलो.

यात्रेत चहाच्या एका पालात माझ्याच वयाचा एक पोरगा भेटला. खर्डा गावचा, शेतकरी मुसलमानाच्या घरातला. त्याच्या मामूची शेवटच्या मोठ्या कुस्त्यांतली एक ठरलेली होती आणि हा त्याच्यासोबत आला होता. अंगानं माझ्याएवढाच, पण मान आणि खांदे पैलवानाचे. तो माझ्याकडे बघत होता, तेव्हा माझी मूठ आपोआप आवळली. पण त्यानं वाकून चड्डीची कड दोन बोटांत धरली आणि कापड चोळून बघितलं.

"आतून हवा जाती व्हय रं?"

"जाती की."

"लई भारी हाय. पळायला अशीच पायजे." मग तोच सांगायला लागला. आठ दिवसांनी नगरला भरती होती. उंची भरत होती, छाती भरत होती. वर्षभर रोज पहाटे तो किल्ल्यापर्यंत पळत जायचा आणि पळत यायचा. "ह्या टायमाला लागलोच. आज म्हनून तर लढत न्हाई. मामूला तेल लावायचं आन् गप बसायचं." दोन महिन्यांत त्या चड्डीला न हसलेला तो पहिला माणूस. मी त्याला दुसरा चहा पाजला आणि शिंप्याचा पत्ता सांगितला.

दुपारी हगामा रंगला. रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या संपल्या होत्या, जोड्या लागत होत्या, हलगी वाजत होती. माझे कॉलेजातले तीन मित्र नगरहून यात्रा बघायला आले होते आणि आखाड्याच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. त्यांनी मला बघितलं नाही, म्हणून मी गर्दीतून आत शिरलो आणि त्यांना हाका मारत, हात वर करून, आखाड्याच्या कडेकडेनं चालायला लागलो. ऊन होतं म्हणून शर्ट काढून खांद्यावर टाकलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

हलगीचा ठेका बदलला. कळायला मला अर्धी फेरी लागली.

"गावचं पोरगं फिरतंय," पंच ओरडले. "कबड्डीचं हाय, पन हात वर केलाय. हाय का कुनी जोड?"

तिथल्या तिथं मी म्हणायला हवं होतं की चुकलं, मी मित्रांना बोलावत होतो. लोक हसले असते. आठ दिवस हसले असते, महिनाभर हसले असते. पण मला हसलेलं चालत नव्हतं, तोच तर माझा रोग. गर्दीत वडील दिसले, त्यांनी मान खाली घातली होती. मी शर्ट मित्रांकडे फेकला, बूट-मोजे काढले आणि मांडीवर थाप मारली.

पंचांनी चारी बाजूंना बघितलं. माझ्या अंगाचा एकच होता, तेलाची बाटली घेऊन मामूशेजारी बसलेला.

"मामू, भरती हाय," तो म्हणाला. मी जवळच उभा होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

"दोन मिन्टं झुंज," मामू म्हणाला. "बरुबरीत सोडवतो मी. पाव्हन्याच्या गावात आलोय, बसून ऱ्हानं बरं न्हाई दिसत."

तो उठला. कपडे उतरवले, लंगोट कसला, माती कपाळाला लावली. सलामीला हात दिला तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हलकं धर. गुडघं सांभाळ माजं. थोड्या येळानं बरुबरी करू." मी मान हलवली. कबूल केलं मी. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

दोनेक मिनिटं सगळं ठीक चाललं. त्यानं मनात आणलं असतं तर पहिल्याच डावात मला आभाळ दाखवलं असतं. पण तो नुसता मानेवर हात टाकून मला फिरवत होता, लोकांना दिसायला जोर लावत होता. मग पट काढायचं, म्हणजे खाली वाकून पाय ओढायचं, सोंग करताना त्यानं माझी कंबर धरली. पैलवान लंगोट धरतो तशी. त्याच्या बोटांना लंगोटाची सवय, जाळीची नव्हे. कमरेपासून मांडीपर्यंत कापड फाटलं, आतलं अस्तरही त्याच्याबरोबर गेलं. मी अख्ख्या गावासमोर अर्धा उघडा.

"जाळं फाटलं रं, मासा दिसला!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा आखाडा लोटपोट झाला. बायकाही लांबून हसत होत्या. माझे मित्र हसत होते.

त्यानं मला लगेच सोडलं. दोन पावलं मागं सरकला, दोन्ही हात वर केले. "चुकलं, चुकलं. घे बांधून, मी थांबतो." तो सरळ उभा होता, पाय मोकळे सोडून. कुस्ती त्याच्याकडून थांबली होती.

मी खाली गेलो आणि त्याचा घोटा धरला. कबड्डीत आम्ही तो रोज धरायचो. पण कबड्डीत घोटा धरून माणसाला रोखायचं असतं. मी घोटा छातीशी आवळला, पाय सरळ ताणला आणि सगळं अंग गुडघ्यावर आडवं टाकलं. ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज आला. तो ओरडला नाही, तोंड मातीत खुपसून एक लांब श्वास ओढला. आवाज आल्यावर तरी मी सोडायला हवं होतं. मी आणखी एकदा पिळलं. त्या दुसऱ्या वेळेला माझ्याकडे रागाचीही सबब नाही.

मग मामू आला. त्याची पहिली चपराक कानावर बसली आणि दुसरी कुठं बसली ते कळलंच नाही. मी पडलो, उठलो, त्याच्या पोटात डोकं घातलं. त्यानं केस धरून माझं तोंड मातीत घासलं, नाकातून रक्त आलं, दात हलला. गावातली चार पोरं मामूवर धावली. तेवढ्यात वडील आत आले. मला वाटलं, मला सोडवायला आले. त्यांनी पायातली वहाण काढली आणि सगळ्या गावासमोर मला मारायला सुरुवात केली. तोंडावर, पाठीवर, उघड्या मांडीवर. धावलेली पोरं जागीच थांबली. शेवटी मामूनंच त्यांचा हात धरला. "बास करा," तो म्हणाला. "आदी पोराचं बघा." पोराचं म्हणजे त्याच्या भाच्याचं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि बैलगाडीत घालून त्याला मोठ्या रस्त्याकडे नेलं.

भरतीच्या दिवशी मी नगरला होतो. जायचं नाही असं ठरवून मैदानापाशी गेलो. पोरं ओळीनं पळत होती, कुणी अनवाणी, कुणाच्या अंगात नुसती बनियन. मी कुंपणापाशी दहा मिनिटं उभा राहिलो आणि खोलीवर परत आलो.

पावसाळ्याच्या तोंडाशी वडील म्हणाले, "जा आन् पाय धर त्याचं." ते यात्रेनंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं. मी खर्ड्याला गेलो. एसटीत अख्खा रस्ता एकच वाक्य घोकत होतो. व्हय, मी मुद्दाम केलं. पुढं काय म्हणायचं ते सुचत नव्हतं, पण एवढं म्हणायचं पक्कं होतं. त्यानं काठीनं डोकं फोडलं असतं तर मी हात वर केला नसता. खरं तर त्यानं फोडावं म्हणूनच मी चाललो होतो.

तो अंगणात बाजेवर बसून दोर वळत होता. पाय पुढं ताठ पसरलेला. गुडघा वाकायचा बंद झाला होता आणि आता वाकणार नाही हे त्याला कळलं होतं. त्याची आई बाहेर आली, मला बघून उभीच राहिली. तो तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला आणि ती आत चहा ठेवायला गेली.

"मामू म्हनतो, तू मुद्दाम केलं," तो म्हणाला. दोराकडेच बघत होता. "मी समद्यांना सांगतो, न्हाई, त्याचा पाय घसरला. घसरला ना रं?"

चार माणसांची तोंडं फोडणारा मी. आता स्वतःचं तोंड उघडलं, घोकलेलं वाक्य बोलायला. त्यानं वर बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याला कुठलं उत्तर हवंय.

"घसरला," मी म्हणालो.

"तेच." त्यानं श्वास सोडला. "मुद्दाम म्हनला असतास तर जन्मभर तुजा राग धरून बसावं लागलं असतं. हितं बसून बसून आनखी करायचं काय?"

मी चहा प्यायलो. पाय धरायचे राहूनच गेले. निघालो तर तो काठी घेऊन उठला. मी नको नको म्हणत असताना ताठ पाय फरफटत स्टँडपर्यंत आला. वाटेत दोघांनी विचारलं, पाव्हना कोन? दोन्ही वेळा तो म्हणाला, "दोस्त हाय."