भाषेची अट

ती अट मीच सुचवली होती. पुढे कुणी विचारलं की ‘सगळ्यांनी मिळून ठरवलं’ असं मी सांगत आलो, पण ते खोटं आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तेव्हा सगळं गिरणगाव पेटलं होतं. नायगावच्या आमच्या चाळीतल्या काही जणांनी घरबांधणीची एक सहकारी संस्था काढली होती आणि तिला प्रभादेवीला जागा मिळाली होती. चोवीस बिऱ्हाडांची इमारत, प्रत्येकाला दोन खोल्या, मोरी घरात. मी म्युनिसिपल शाळेत मास्तर; एका खोलीत आई, दोन भाऊ, बायको आणि पाळण्यातली मुलगी. दोन खोल्यांची किंमत, बायकोशी चार शब्द बोलायला ज्याने गॅलरीचा कोपरा शोधला आहे, त्यालाच कळेल. पहिल्याच सभेत मी उठून म्हणालो की मुंबई आमची म्हणून नुसतं ओरडून भागणार नाही, इथली घरं मराठीच्या हातात राहिली पाहिजेत. ज्याच्या घरात मराठी बोलली जाते त्यालाच जागा द्यायची, असा नियम करा. टाळ्या पडल्या. मग अर्जदाराच्या घरी जाऊन, चहाच्या निमित्ताने तासभर बसून, पोरं आपसांत काय बोलतात ते ऐकायचं आणि अहवाल लिहायचा, हे कामही माझ्याकडे आलं. मी ते मोठ्या ऐटीत करत असे.

तेवीस नावं ठरली, त्यांत माझंही होतं. बहुतेक सगळे कोकणातले, एकमेकांचे गाववाले. घरोघर मालवणी चालायची आणि मी बेधडक ‘मराठी’ लिहायचो.

चोविसावा अर्ज आमच्याच आवारातल्या मागच्या चाळीतून आला. कुटुंब नुकतंच बौद्ध झालेलं. बाप गिरणीत कताई खात्यात होता. विणकाम खात्यात धोट्याला तोंड लावून धागा ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली तिथे त्यांच्या लोकांना घेत नसत. चळवळीत तो आमच्या संस्थेच्या चेअरमनबरोबरच तुरुंगात गेला होता, दोघे एका पंगतीला जेवले होते. अर्जात भाषेची अट वाचून त्याला वाटलं, ही तर आपण सहज पुरी करतो. त्याची मोठी मुलगी सातवीला माझ्याच वर्गात होती.

“जय भीम, मास्तर,” तो दारातच म्हणाला. मी नमस्कार केला. खोली लख्ख होती. मुलगी आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती आणि आई भाकऱ्या थापता थापता मध्येच अडवत होती, “मंग मुंबई कुनाला देनार म्हनत्यात?” मुलगी तिला नीट समजावून सांगत होती. इतकं स्वच्छ मराठी मी आधीच्या तेवीस घरांत ऐकलं नव्हतं.

मग चहा आला. “आत्ताच घेऊन आलो,” मी म्हणालो. मी काही घेऊन आलो नव्हतो. स्वतःला मी सुधारक समजत होतो, सभांतून तसा बोलतही होतो, आणि हात मात्र कपाकडे गेला नाही. आईने कप उचलून आत नेला.

अहवालात मी ‘भाषा उत्तम’ असं लिहिलं. चेअरमनने तो कागद माझ्यापुढे परत सरकवला.

“मास्तर, बाकीचे तेवीस काय म्हणतील? जिना एकच आहे.”

“पण भाषा खरंच चांगली आहे.”

“नियम तुमचाच आहे ना? त्यातच बसवा कसं तरी. यादी अजून कच्ची आहे. तुमचं नावसुद्धा अजून कच्चंच आहे.”

आवाज जराही न चढवता तो हे बोलला. मी तिथेच दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, ‘घरातील भाषा संस्थेच्या अपेक्षेस उतरत नाही.’ खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

नकाराचं पत्र घेऊन मुलीचा बाप शाळेत आला तेव्हा भांडायला आला असेल असं वाटून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. तो खाली मान घालून म्हणाला, “मास्तर, आमच्या बोलन्यात खोट आसंल. म्या पडलो घाटावरचा मानूस. पन पोरीला तेवढी सुदरवा. शेजारी दुसरी इमारत हुनार म्हनत्यात, तवा तरी बसू आमी.”

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, “पाठवा.”

शाळा सुटल्यावर रोज तासभर ती थांबू लागली. पुढे हायस्कूलात गेली तरी यायची. जिच्यात सुधारण्यासारखं काही नाही तिला काय शिकवणार? मी तांबड्या शाईने धडधाकट वाक्यांखाली रेघा ओढायचो आणि ती फिरवून लिहायला लावायचो. “हे का चुकलं, मास्तर?” ती सुरुवातीला विचारायची. “शोभत नाही,” मी म्हणायचो. पुढे तिने विचारणं सोडलं. एकदा तिने एक निबंध पुढे ठेवला. चार रेघा ओढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हा तिचा सातवीतला निबंध. मीच तो आदर्श म्हणून शाळेच्या फळ्यावर लावला होता. मी वर पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी पाचवी रेघ ओढली. आजही ते आठवलं की मला माझी किळस येते.

महाराष्ट्र झाला. आम्ही प्रभादेवीला राहायला गेलो होतो, इमारतीवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. दुसऱ्या इमारतीचे अर्ज निघाल्याचं कळताच तो मुलीला घेऊन माझ्याकडे आला. समोर चेअरमनचं दार उघडं होतं. तो मोठ्या आशेने म्हणाला, “मास्तर, आता पोरीची भाषा आली म्हनायची ना?”

“अजून थोडं राहिलंय,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि मुलीकडे वळला. “आईकलंस? आजून थोडं.”

“हो बाबा,” ती म्हणाली. “माझंच लक्ष कमी पडतं.”

मग माझ्याकडे सरळ बघून “येते, मास्तर,” म्हणाली आणि बापाचा हात धरून जिना उतरू लागली. तिला सगळं केव्हाच कळलं होतं. बापाला कळू नये म्हणून ती माझं खोटं सांभाळत होती.