अकरा दिवसांचा उशीर कोणाचा

कारखान्याच्या नियोजन विभागातून निवृत्त होऊन अंबरनाथच्या घरी बसलो, तेव्हा माझी तक्रारपत्रे सोसायटीच्या सचिवांकडे जाऊ लागली. आठवड्याला तीन. शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, हीच शिस्त लोकांना हवी असते. व्हर्च्युअल असिस्टंट व्हा. घरी बसून दुसऱ्यांची प्रोजेक्ट्स सांभाळायची." 'असिस्टंट' या शब्दाला मी हरकत घेतली, ती फेटाळली गेली.

माझे पहिले अशील म्हणजे उल्हासनगर कॅम्प पाचमधले इंटिरिअरचे एक सिंधी शेठ. बदलापुरात एका दंतवैद्य बाईंचा दवाखाना ते सजवत होते. सुतार मोरिवलीचा. मी घरून फोन करून कोणाचे काम कुठवर आले ते विचारायचे आणि दर शनिवारी माझ्या सहीचा अहवाल शेठ व डॉक्टरबाई या दोघांना पाठवायचा, असे ठरले होते.

शेठचा सारा धंदा तोंडी चाले. "बोल दिया, मतलब हो गया," हा त्यांचा करारनामा. मी मात्र प्रत्येक फोननंतर जावक क्रमांक घालून पत्र धाडी: 'आज सकाळी आपले जे बोलणे झाले, त्यानुसार...' ही पत्रे दुकानात मोठ्याने वाचली जातात आणि हशा पिकतो, असे कानावर आले. पिको.

कपाटांच्या लॅमिनेटचा रंग शेठनी ठरवायचा होता. तो ठरेना. सुतार रोज सकाळी जागेवर पोचून मला फोन करी, "काका, रंगच नाय कळला तं मी लावू काय?" सातव्या दिवशी माझा संयम संपला आणि जुन्या सवयीने मी शेठना 'कारणे दाखवा' नोटीस बजावली. ज्याने मला कामावर ठेवले, त्यालाच.

शेठचा तत्काळ फोन आला. "काका, तुम्ही माझे असिस्टंट का मी तुमचा?"

"खुलासा अठ्ठेचाळीस तासांत अपेक्षित आहे."

"अरे साईं, भेजता हूँ ना रंग!"

रंग अकराव्या दिवशी आला. दवाखाना ठरल्या तारखेला उघडणार नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते. शुक्रवारी शेठचा आवाज मधाळ झाला.

"काका, उद्याच्या रिपोर्टमध्ये टाका, सुतार टाइमपे नाही आला. छोटा आदमी आहे, त्याला काय फरक पडतो?"

फरक पडत होता. डॉक्टरबाईंनी स्वतःच्या घराचे कामही याच सुताराला द्यायचे कबूल केले होते आणि पुढचे चार महिने त्या कामावर त्याची चूल पेटणार होती. कामचुकार म्हणून त्याचे नाव त्यांच्यापुढे गेले असते, तर ते काम तिथेच संपले असते.

"सुतार रोज नऊला जागेवर होता," मी म्हणालो. "अकरा दिवसांच्या अकरा नोंदी माझ्याकडे आहेत."

"नोंदी तुमच्या, धंदा माझा."

"आणि अहवालाखालची सही माझी."

"जिद मत करो, काका. दुसरा असिस्टंट एका मिनिटात मिळतो."

"अवश्य शोधा. उद्याचा अहवाल मात्र मीच लिहिणार."

शनिवारी सकाळी अहवाल दोघांनाही गेला. रंगाचा निर्णय अकरा दिवस प्रलंबित; निर्णयाची जबाबदारी शेठ यांची; सुतार सर्व दिवस उपस्थित. विशेषण एकही घातले नाही. सहा मनात तयार होती.

दुपारपर्यंत शेठनी मला कामाच्या ग्रुपमधून काढून टाकले. सूनबाई हळहळली. "पहिलाच क्लायंट, बाबा. थोडं सौम्य लिहिता आलं असतं."

"सौम्य खोटे कसे लिहितात ते दाखव, शिकतो."

ती चहा ठेवायला आत गेली.

रविवारी सुताराचा फोन आला. "काका, बाईंनी घरच्या कामाला बोलावलंय. पन तुमचं काम गेलं म्हनतात. माझ्यापायी."

"तुमच्यापायी नव्हे. मी माझ्या सहीपायी घालवले."

"शेठला जाऊन भेटू का? पाया पडतो त्याच्या."

"खबरदार! कोणाच्याही पाया पडायचे नाही. उद्या बाईंकडे मापे घ्यायला जा."

फोन ठेवला आणि सूनबाईला सांगितले, इंटरनेटवरच्या माझ्या जाहिरातीत एक वाक्य वाढव: 'अहवाल कोणाच्याही सोयीने बदलून मिळणार नाही.'

"असं लिहिलं तर कोणी येणारच नाही, बाबा."

"न येवो," मी म्हणालो. "अक्षर ठळक ठेव."